स्पीकरचा एकच कागद इतके आवाज एकदम कसे काढतो?

जुन्या म्युझिक सिस्टिमचा बॉक्स उघडल्यावर तुम्हाला तीन प्रश्न पडलेत. एकच कागदी कोन (स्पीकरचा शंकूसारखा पडदा) तबला, पेटी आणि गाणं एकदम कसं वाजवतो? स्पीकर बाहेर काढल्यावर बेस कुठे गेला? आणि छोट्या स्पीकरला लावलेला कपॅसिटर कशाला? मी अँप्लिफायर-स्पीकर दुरुस्तीचंच काम करतो, त्यामुळे टेबलावर दिसतं तसं सांगतो.

आधी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या. मोठ्या स्पीकरच्या वायरी काढा आणि सेलची दोन टोकं त्याच्या पिनांना टेकवा. ‘टप्’ असा आवाज येईल आणि कोन किंचित पुढे सरकेल. सेल तसाच धरून ठेवलात तर कोन पुढेच थांबतो, पण आवाज काही नाही. सोडलात की पुन्हा ‘टप्’ आणि कोन जागेवर. सेल उलटा लावला तर कोन आत ओढला जातो. (पिनांवरची अधिक-उणेची खूण पुसली असेल तर आम्ही ती अशीच शोधतो. ज्या बाजूला अधिक टोक लावल्यावर कोन बाहेर येतो, ती अधिक.)

कोनाच्या मागे एक छोटी नळी चिकटवलेली असते आणि तिच्यावर बारीक तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळलेली असते. ही कॉइल लोहचुंबकाच्या अरुंद फटीत अधांतरी असते. तारेतून करंट गेला की चुंबकीय क्षेत्र तिला ढकलतं. करंटची दिशा बदलली की ढकलण्याची दिशाही बदलते. कॉइल फटीच्या बरोबर मध्ये राहावी म्हणून मागे सुरकुत्यांचं कापड असतं, त्याला स्पायडर म्हणतात. कोनाच्या कडेला फोम किंवा रबर असतं. मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून कोन हलक्या हाताने सरळ आत दाबून बघा. खरखर लागली तर कॉइल घासतेय. जुन्या सेटचा आवाज फाटतो तेव्हा बहुधा हे तरी असतं, नाहीतर कडेचा फोम कुजलेला असतो. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी ही मांडणी नीट बसवली. मोबाइलमधल्या इवल्याशा स्पीकरचं तत्त्वही आज तेच आहे.

अँप्लिफायर सेलसारखा एकाच दिशेने करंट देत बसत नाही, तो सतत दिशा बदलतो. सेकंदाला ४४० वेळा कोन पुढे-मागे झाला की ४४० हर्ट्झचा सूर ऐकू येतो.

आता तबला आणि पेटीचं कोडं. मैफलीत तुमच्या कानापाशी हवेचा दाब एका क्षणी एकच असतो. तबल्याचा वेगळा आणि पेटीचा वेगळा असं काही नसतं, दोघांच्या लाटांची तिथे बेरीज झालेली असते. मायक्रोफोनचा पडदा ती बेरीजच टिपतो आणि स्पीकरचा कोन तीच परत हवेत सोडतो. कोनाला तबला कोणता नि पेटी कोणती याचा पत्ताच नसतो. तसं पाहिलं तर तुमच्या कानाचा पडदाही एकच आहे! कंपनांची वेगवेगळी निवड पुढे अंतर्कर्णात होते आणि हा तबला, ही पेटी हे मेंदू ठरवतो. त्यामुळे मला विचाराल तर या प्रकरणात खरी करामत कागदाची नाही, ऐकणाऱ्याची आहे.

बेस गेला, कारण कोन पुढे आला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची विरळ होते. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर असते. एवढ्याशा स्पीकरच्या कडेवरून वळसा घालून मागची लाट पुढच्या लाटेला गाठते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. ५,००० हर्ट्झची लाट जेमतेम ७ सेंटिमीटरची, तिच्या बाबतीत हे तितकं घडत नाही, म्हणून बारीक आवाज शाबूत राहतो. पटत नसेल तर मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि गाणं चालू असताना स्पीकर त्यावर दाबून धरा. बेस लगेच थोडा भरतो. बॉक्स हा शोभेचा भाग नाही, निम्मा स्पीकर तोच असतो. लोक हजारो रुपयांचा वूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, आणतात आणि तो पातळ प्लायच्या, फटी राहिलेल्या खोक्यात बसवतात, तेव्हा माझा जीव तुटतो.

शेवटचा कपॅसिटर. खालचा सूर तितक्याच जोराने वाजवायला कोनाला जास्त हलावं लागतं. कंपनं निम्मी झाली तर हालचाल चौपट लागते. मोठ्या वूफरला हे झेपतं, ट्वीटरला, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला, नाही. त्यातून घरगुती स्पीकरमध्ये गेलेल्या विजेपैकी साधारण एकच टक्का आवाज होतो, बाकीची कॉइलमध्ये उष्णता होऊन जाते. ट्वीटरची तार केसासारखी बारीक असते. कपॅसिटर खालचे सूर अडवतो आणि फक्त वरचे तिच्यापर्यंत जाऊ देतो. तो काढून थेट वायर जोडू नका. बदलायचाच असेल तर नॉन-पोलर, म्हणजे अधिक-उणे बाजू नसलेल्या, प्रकारचा घ्या. त्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा आणि व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त चालेल. ट्वीटरची कॉइल एकदा जळली की बहुतेक ठिकाणी तो दुरुस्त करून मिळत नाही, नवाच आणावा लागतो.