एका वर्षात सीट वाढल्या, कोर्स वाढले, म्हणजे हेल्थ सायन्सेसचं कॉलेज चांगलं समजायचं का?

तुम्ही विचारलंय की नागपूरजवळच्या एका विद्यापीठाच्या हेल्थ सायन्सेस कॉलेजनं वर्षभराच्या प्रगतीचं पत्रक काढलंय, नर्सिंगच्या सीट वाढल्या, फिजिओथेरपी आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन हे कोर्स नवीन, पुतळ्यांवर सराव करायची सिम्युलेशन लॅब नवीन, तर बहिणीला तिथं बीएस्सी नर्सिंगला टाकावं का. त्या कॉलेजचं मला काही माहीत नाही. पण अशा एका पत्रकावरून माझी नोकरी गेली, म्हणजे मीच सोडली, म्हणून लिहितेय.

मी नर्सिंगची टीचर. आधी मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला, मग पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमानंतरची बीएस्सी, आणि नंतर शहराबाहेरच्या एका खाजगी कॉलेजात ६ वर्षं क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, म्हणजे वॉर्डात मुलींना शिकवणारी, होते. कॉलेजचं नाव लिहिणार नाही, विचारूही नका.

त्या वर्षी आमच्याकडे बीएस्सीच्या सीट ४० च्या ६० झाल्या, जीएनएमची नवी बॅच आली, चौथा मजला चढला, लॅबमध्ये बोलणारा पुतळा आला ज्याला इंजेक्शन दिलं की तो कण्हतो. सगळं खरं होतं, कागदावर काही खोटं नव्हतं. फक्त खालच्या मजल्यावरचा दवाखाना होता तेवढाच राहिला. फीमेल वॉर्डात ३० खाटा आणि एका मंगळवारी सकाळी त्यात पेशंट ११. माझ्याकडे मुली किती, तर १८, कारण सेकंड इयरची बॅच आणि जीएनएमची बॅच एकाच वॉर्डात टाकली होती, दुसरीकडे पाठवायला बसच नव्हती.

११ पैकी ४ जणी डिस्चार्जच्या वाटेवर, दोघी कोणाला अंगाला हात लावू देत नव्हत्या, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. मग सगळ्या मुली उरलेल्या पाच जणींवर. त्यात भिवापूरकडची एक आजी होती, शुगरमुळे पायाला जखम झालेली, स्वभावानं गरीब, कोणाला नाही म्हणत नसे. मी ड्रेसिंग ट्रॉलीजवळ तिघींना घेऊन उभी होते, अर्ध्या पाऊण तासानं आजीच्या खाटेकडे गेले तर आजी मला म्हणे, "बाई, हा हात आता दुखून राहिला, उरलेल्या पोट्टींना दुसरा हात देऊ का?"

दंडावर बीपीच्या मशीनचा पट्टा, म्हणजे कफ, जिथं बसतो तिथं लाल वळ उठला होता. मी मुलींना विचारलं किती जणींनी बीपी घेतलं, तर ९. सकाळी साडेआठपासून दहापर्यंत एका म्हाताऱ्या बाईचं बीपी ९ वेळा घेतलं होतं. आणि नवाच्या नवांच्या केस बुकात एकच आकडा, १४०/९०.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळेल की नऊ वेगवेगळ्या हातांनी बीपी घेतलं तर नऊदा एकच आकडा येत नाही, २ ने ४ ने तरी फरक पडतो. मी आजीला दहा मिनिटं शांत पडू दिलं, दुसऱ्या हाताला कफ बांधला, आधी मनगटावरची नाडी धरून कफ फुगवला, नाडी कितीवर लागेनाशी होते ते पाहिलं, त्याच्यापेक्षा ३० ने वर नेऊन हळूहळू सोडला. १७८/९६ निघालं. पुन्हा पाच मिनिटांनी घेतलं, १७६/९६.

झालं होतं असं की पहिल्या मुलीनं नाडी न धरताच कफ १५० पर्यंत फुगवला, सोडल्या सोडल्या ठोके ऐकू आले, तिला वाटलं इथंच वरचं बीपी, तिनं १४० लिहून टाकलं. बाकीच्यांनी आधीच्या मुलीचं पाहून लिहिलं. मी रागावले नाही, फक्त म्हटलं खरं कोण सांगेल. बराच वेळ सगळ्या खाली मान घालून. मग धानोरा तालुक्यातली एक मुलगी, गडचिरोलीची, एरवी वर्गात तोंड उघडत नसे, ती म्हणाली, "मॅडम, मला आवाज ऐकूच नाही आला. मागून सगळ्या लवकर कर लवकर कर म्हणत होत्या. मी आधीच्या मुलीचं पाहून लिहिलं." तिचे डोळे भरले होते. तिच्या मागे आठ जणी लाईन लावून उभ्या असतील तर स्टेथोस्कोप कानाला लावून ठोका कुठं सुरू होतो ते शोधायला तिला वेळ कोण देणार?

आजीचं बीपी मी लगेच ड्युटी डॉक्टरांना कळवलं, गोळी बदलली, पुढं चांगलं झालं. पण कुणी पाहिलंच नसतं तर नऊ वह्यांच्या साक्षीनं ती बाई १४० वर घरी गेली असती.

वर्षाच्या शेवटी मीटिंग झाली, अहवालात काय काय टाकायचं त्याची. सगळ्यांनी आपापल्या डिपार्टमेंटचं सांगितलं, किती ॲडमिशन, किती सेमिनार, कॅम्प किती, ब्लड डोनेशनच्या बाटल्या किती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं एक आकडा माझ्याकडून घाला, या वर्षी आपल्या वॉर्डात एका विद्यार्थिनीमागे पेशंट किती होते. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा हिशोब आहे एका विद्यार्थ्यामागे ३ पेशंट, दहा विद्यार्थ्यांमागे १ टीचर, आणि खाटा नुसत्या असून चालत नाहीत, ७५ टक्के भरलेल्या पाहिजेत. आमच्याकडे उलटं चाललं होतं, एका पेशंटमागे दीड मुलगी. वरचे सर म्हणाले, "मॅडम, हा प्रगतीचा अहवाल आहे, तक्रारवही नाही." मी म्हटलं सर मी तक्रार नाही करून राहिली, मोजून सांगतेय. त्यावर ते म्हणाले की आपण सीट वाढवल्या म्हणूनच गावातल्या मुली शिकून राहिल्या, तुम्हाला ते नको का. मला तिथं उत्तर सुचलं नाही. घरी येताना बर्डीवर बस बदलेपर्यंत सगळी उत्तरं सुचली, पण तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून आता इथं लिहितेय.

सर, गावातल्या मुली शिकायला पाहिजेत, एकशे एक टक्का. पण ती मुलगी धानोऱ्याहून नागपूरला पुतळ्याला इंजेक्शन द्यायला नव्हती आली. तिच्या बापानं जमिनीचा तुकडा गहाण टाकून फी भरली होती, त्या पैशात कॉलेजनं तिला निदान बीपी घ्यायला शिकवायला पाहिजे होतं की नाही?

आणि मी काही आकाशातलं मागत नव्हते. नागपुरात हे आधीपासून होत आलंय, आधी दवाखाना मग कॉलेज, नाहीतर मुलं भरलेल्या दवाखान्यात न्यायची. मेयो दवाखाना १८६२ चा, त्याला मेडिकल कॉलेज जोडलं १९६८ ला, शंभर वर्षांनी. मिहानमधल्या एम्सची पहिली बॅच २०१८ ला सुरू झाली तेव्हा त्यांचा स्वतःचा दवाखाना उभा नव्हता, म्हणून त्यांनी ५० मुलं आपल्या मेडिकलमध्येच बसवली. पेशंट जिथं तिथं मुलं न्या, एवढं साधं आहे. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात १० सरकारी मेडिकल कॉलेजांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं, त्यातली अमरावती, वाशीम, बुलढाणा, भंडारा, गडचिरोली ही ५ आपल्या विदर्भातली. तिथं मास्तर पुरेसे मिळतात की नाही हा वेगळा विषय, पण निदान जिल्ह्याचा सरकारी दवाखाना आणि त्यातली गर्दी आधीपासून आहे.

मेडिकलला आम्ही जीएनएमला होतो तेव्हा उलटा त्रास होता. आमच्या वॉर्डात खाटेवर एक आणि खाली गादीवर एक असे पेशंट, छिंदवाडा बैतुलचे, बालाघाटचे, आदिलाबादचे, मे महिन्यात उन्हानं पडलेले मजूर, सिकलसेलची लहान लहान लेकरं दुखण्यानं विव्हळणारी. आम्ही थकून रडायचो. पण तीन महिन्यांत हाताला कळायला लागलं की शीर कुठं आहे, म्हाताऱ्या माणसाला निळा कॅन्युला, म्हणजे शिरेत घालायची बारीक नळी, चालतो आणि ॲक्सिडेंटच्या पेशंटला जाड हिरवाच लावावा लागतो, लेकराला अजून बारीक पिवळा. हे कोणी फळ्यावर शिकवलं नाही. सिस्टर ट्यूटर मागे उभ्या राहून फक्त म्हणायच्या, "घाई नको, बोटानं पाहा."

तर तुमच्या प्रश्नाचं. पत्रकात काय वाढलं ते वाचू नका, बहिणीला घेऊन सकाळी ९ ला त्या कॉलेजच्या दवाखान्यात जा. ॲडमिशन काउंटरवर नाही, सरळ ओपीडीत. केसपेपरची रांग पाहा. मग वॉर्डात भेटायच्या वेळेत जाऊन भरलेल्या खाटा मोजा. इन्स्पेक्शनच्या दिवशी सगळीकडे खाटा भरलेल्या असतात, म्हणून साधा दिवस निवडा, आणि थर्ड इयरची एखादी मुलगी कँटीनला गाठून एवढंच विचारा की मागच्या आठवड्यात तू स्वतःच्या हातानं काय केलंस. ती थांबून आठवायला लागली तर समजून घ्या. दवाखाना लहान असेल तर मुलींना मेडिकल, मेयो नाहीतर डागा या बायकांच्या सरकारी दवाखान्यात पोस्टिंगला पाठवतात का, बस कॉलेजची आहे का, आणि सोबत टीचर जाते की मुलीच एकट्या, हेही विचारा. लॅब चांगली असणं वाईट नाही, पहिली सुई पुतळ्यालाच टोचावी, पण दुसरी तिसरी माणसाला द्यायला मिळाली पाहिजे.

आता एक गोष्ट, जी मी तेव्हा सरांना कबूल केली नव्हती. ती धानोऱ्याची मुलगी वाढलेल्या सीटमधलीच होती. ४० च राहिल्या असत्या तर तिचा नंबर लागलाच नसता. मंगळवारनंतर मी तिला आणि अजून चौघींना रोज ड्युटी संपल्यावर अर्धा तास थांबवून एकेकीला एकेक पेशंट दिला, मागे कोणाला उभं राहू दिलं नाही. ती आज तिकडच्याच एका सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, मला दिवाळीला फोन येतो. म्हणजे सर अर्धे बरोबर होते. पण तो अर्धा तास कॉलेजच्या टाईमटेबलमध्ये नव्हता, आणि कॉलेज वाढलं असं मी तेव्हाच म्हटलं असतं जेव्हा तो टाईमटेबलमध्ये आला असता. राजीनाम्यात मी हेच लिहिलं होतं, त्यावर कोणी काही बोललं नाही.

फी, होस्टेल याबद्दल मला आताचं माहीत नाही, तिथंच विचारा. एमयूएचएसची, म्हणजे राज्याच्या आरोग्य विद्यापीठाची, मान्यता आहे की अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं आहे तेही पाहून घ्या, दोन्हींचं परीक्षेचं आणि फीचं गणित वेगळं असतं, पण वॉर्डात जाऊन खाटा मोजणं दोन्हीकडे लागू आहे. बहिणीला नर्सिंग सीईटीला किती मार्क आहेत ते खाली लिहा, सरकारीत नंबर लागण्यासारखा असेल तर लांबचं गाव मिळालं तरी तिथंच घाला, जागा जवळची नाही म्हणून सोडू नका.