जॉइंट फोटो काढला, मग पेन्शनीत वाटा का नाही?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातली, कोरेगाव तालुक्यातली. माझे मालक 24 वर्षं फौजेत नोकरी करून दोन वर्षांपूर्वी हवालदार म्हणून रिटायर होऊन आले. एवढ्या वर्षांत मला फॅमिली क्वार्टर मिळालं ते जालंधरला, अडीच वर्षं. बाकी सगळा काळ मी गावी. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, नऊ वर्षं त्यांचं अंथरुणातलं मी केलं. आल्याचं शेत, दोन मुलांच्या शाळा, नणंदांची बाळंतपणं, सगळं माझ्याच अंगावर. डी.एड. झाले होते, पण घर सोडून नोकरी धरता आली नाही. सुटून यायच्या आधी पेन्शनच्या कागदांसाठी त्यांनी मला स्टुडिओत नेऊन जॉइंट फोटो काढला. आता घटस्फोटाची नोटीस आली आहे. पेन्शन किती येते, कम्युटेशनचे (पेन्शनीचा काही भाग सोडून एकरकमी घेतात ते पैसे) किती मिळाले, काही सांगत नाहीत. ‘माझ्या रक्ताची कमाई आहे, तुझा काय संबंध?’ म्हणतात. पुतणी सांगते, अमेरिकेत सैनिकाच्या बायकोला निम्मी पेन्शन मिळते. मग आम्हालाच का नाही?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मीही फौजीचीच मुलगी आहे. वडील सियाचीनला असताना आई पोस्टमनची वाट बघत उंबऱ्यात बसायची, ते मी पाहिलंय. त्यामुळे ‘तुझा काय संबंध’ हे वाक्य माझ्या जिव्हारी लागलं.

आधी अमेरिकेचं. तिथेही निम्मी पेन्शन आपोआप मिळत नाही. 1981 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सैनिकी पेन्शन घटस्फोटात वाटता येणार नाही असं म्हटलं, तेव्हा पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून राज्यांच्या कोर्टांना ती वाटायची मुभा दिली. किती द्यायचं ते कोर्ट ठरवतं. लग्नाची आणि नोकरीची किमान 10 वर्षं एकत्र भरत असतील, तर बायकोचा वाटा सरकारी कार्यालयातून थेट तिच्या खात्यावर जातो. जखमेपोटी मिळणारा अपंगत्वाचा भत्ता मात्र वाटला जात नाही, आणि तेही मला रास्त वाटतं. शरीर त्याचं गेलेलं असतं.

आपल्याकडे घटस्फोटात पेन्शनीचा ‘वाटा’ नाही, ‘पोटगी’ आहे. वाटा हक्काने मागतात, पोटगी गरज दाखवून मागावी लागते. तुम्ही नऊ वर्षं सासू सांभाळलीत म्हणून तो माणूस निर्धास्तपणे सीमेवर उभा राहू शकला, हे आपल्या कायद्यात कुठेच पेन्शनीच्या हिशेबात धरलेलं नाही. मला हा अन्याय वाटतो आणि मी तो कोर्टात उभी राहूनही बोलते. त्यांनी बर्फात काढलेली वर्षं खरीच आहेत. पण तुमची वर्षंही त्याच 24 मधली आहेत.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. ‘पेन्शनीला कोर्ट हात लावू शकत नाही’ असं गावात कुणीतरी सांगेल. 1871 च्या पेन्शन कायद्यातलं संरक्षण सावकाराच्या, देणेकऱ्याच्या जप्तीपासून आहे. पोटगी थकली तर पेन्शन जप्त करता येते, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2019 मध्ये सांगितलंय. बायको परकी देणेकरी नाही.

नोटिशीला उत्तर देतानाच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली अंतरिम पोटगी आणि कोर्टखर्च मागा. 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोघांनाही मिळकतीचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. त्यात पेन्शन, कम्युटेशन, ग्रॅच्युइटी, फंड, ग्रुप इन्शुरन्स सगळं येतं. पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत कोर्टामार्फत मागवून घ्या. कायमची पोटगी कलम 25 खाली. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात नवऱ्याच्या निव्वळ पगाराचा चौथा हिस्सा योग्य मानला होता. तो पक्का नियम नाही, पण बोलणी सुरू करायला आधार आहे.

यातली सगळ्यात मोठी खाच नीट वाचा. आज तुम्ही कायद्याने बायको आहात, त्यामुळे त्यांच्या माघारी फॅमिली पेन्शन तुमची आहे आणि ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, औषधपाणीही आहे. घटस्फोटाचा हुकूम झाला की दोन्ही जातं. म्हणजे ते असेपर्यंत पोटगी, आणि ते गेल्यावर पेन्शनही बंद, तुम्हीही मोकळ्या हाताने. म्हणून दरमहा रकमेवर समाधान मानू नका. कम्युटेशनच्या पैशातून एकरकमी काही मागा, आणि पोटगीचा बोजा त्यांच्या नावच्या शेतीवर चढवायची विनंती करा. कलम 25 मध्ये तशी सोय आहे. संमतीच्या घटस्फोटाच्या कागदावर हे सगळं लिहून होईपर्यंत सही करू नका. दीर आणि भावकी घरी बसून ‘मिटवून टाक’ म्हणतील, तरीही नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रीला उत्पन्नाची अट नसते, वकील मोफत मिळतो. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एक अर्ज देऊन पोच घ्या.

आणि ताई, तो जॉइंट फोटो. स्टुडिओवाल्याकडे अजून फाईल असेल, दोन प्रती काढून आणा. एक वकिलाकडे द्या, एक स्वतःकडे ठेवा. ‘तुझा काय संबंध’ म्हणणाऱ्या माणसाने पेन्शनच्या कागदावर स्वतःच्या सहीने तुम्हाला शेजारी बसवलंय.