दुपारची गोळी

पत्र : "ताई, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले. मला तिसावा आठवडा चालू आहे. मागच्या खेपेला बीपी वाढून सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. या वेळी बीपीची गोळी, लॅबेटालॉल १०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा आहे. डॉक्टर रोजे नको म्हणाले, पण अम्मी, म्हणजे सासूबाई, म्हणतात की आम्ही पाच बाळंतपणं रोजे धरूनच काढली. हे कुवेतला असतात, म्हणतात अम्मी सांगतील तसं कर. आतापर्यंत नऊ रोजे झाले. दुपारची गोळी मी इफ्तारनंतर रात्रीच्या गोळीबरोबरच घेते, म्हणजे तीन होतात. तरावीहला, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या नमाजला, उभी राहिले की कधीकधी अंधारी येते, तेवढं सोडलं तर बरी आहे. अम्मींना न दुखावता रोजे कसे थांबवू?"

अम्मींचं नंतर बघू. माझी नजर तुझ्या तीन शब्दांवरच अडकली आहे : "म्हणजे तीन होतात."

नाही होत, बाई. या गोळीचा असर आठ ते बारा तास टिकतो. म्हणून तर ती सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा अशी वाटून देतात. तू एक पहाटे पाचला सेहरीत घेतेस आणि पुढची थेट संध्याकाळी सातला. मधले चौदा तास एका गोळीवर. दुपार कलायला लागते तसा असर उतरतो, आणि तोवर पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब गेलेला नसतो. मग सातला दोन एकदम. जोर सर्वांत जास्त दोन ते चार तासांनी, म्हणजे नेमका तरावीहच्या वेळी. ती अंधारी भुकेची म्हणावी तर दोन तासांपूर्वी तू खजूर, भजी सगळं खाऊन उठलेली असतेस. बहुधा ती दोन गोळ्यांची आहे. दुपारी बीपी चढतं, रात्री पडतं, आणि वारेतून बाळाकडे जाणाऱ्या रक्ताला दोन्ही वाईट. चढलेलं बीपी दुखतंच असं नाही, त्यामुळे "बरी आहे" याला काही अर्थ नाही.

आणि डॉक्टरांना हे माहीत नाही ना? तू रात्री साडेआठला दाखवायला गेलीस तर आकडा छान दिसेल, ते खूश होतील. दुपारी गेलीस तर चढलेला दिसेल आणि ते डोस वाढवतील, जो तू पुन्हा इफ्तारला एकदम घेशील. दोन्ही वेळा फसव्या आकड्यावर निर्णय. याचा मला राग येतोय, आणि तो अम्मींवर नाही, तुझ्यावर.

तर हे कर. हे वाचशील त्या दिवशी रोजा असेल तर मगरिबची, म्हणजे रोजा सोडायच्या वेळेची, वाट बघू नकोस, पाणी पी आणि दवाखान्यात फोन लाव. सांग की नऊ दिवस दुपारची गोळी सरकवली होती आणि अंधारी येते, आज बीपी बघायचं आहे. चुकलेली गोळी भरून काढायला एकदम दोन घेऊ नकोस. घरी मशीन असेल तर पाच मिनिटं पाठ टेकून बस, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीला, मग मोज आणि वेळेसकट वहीत लिही.

आता दीनचं, म्हणजे धर्माचं. कुरआनातल्या सूरह बकरहच्या १८४ आणि १८५ या आयतींत आजाऱ्याला सवलत आहे, रोजे दुसऱ्या दिवसांत भरायचे. गरोदर आणि पाजणाऱ्या बाईवरून रोजा उतरवल्याची हदीस तिरमिझी, अबू दाऊदमध्ये आहे. आपले कोकणी लोक बहुतेक शाफई पंथाचे. शाफईत भीती फक्त बाळाची असेल तर कजा, म्हणजे सुटलेला रोजा नंतर भरणं, आणि तिच्याबरोबर रोजामागे एक मुद्द, म्हणजे दोन ओंजळी मिळून एकदा भरेल एवढं धान्य, फिदया म्हणून गरिबाला. पण बीपीत जीव तुझाही धोक्यात, झटके आले तर तुलाच येणार. म्हणून तुझ्यावर नुसती कजा. कफ्फारा नाही, म्हणजे दंडाचे साठ रोजे नाहीत. जिवाचं मोठं नुकसान होणार हे कळत असताना रोजा धरणंच नाजायज आहे. राहिलेल्या रोजांचा आकडा वहीत मांड. निफास, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, संपेपर्यंत रोजा नाहीच; पुढे पाजताना झेपत नसेल तर तोही उज्र, म्हणजे सुटीचं रास्त कारण. नंतर एकेक करून डिसेंबरातल्या लहान दिवसांत भर, सलग धरायची गरज नाही.

अम्मींच्या पाच बाळंतपणांत बीपी कुणी किती वेळा मोजलं, विचारून बघ. पण वाद घालू नकोस. त्यांना पटवणं हे तुझं काम नव्हेच. उद्या दोन वाजता त्यांच्यासमोर तांब्या घे, गोळी घे, म्हण, "अम्मी, डॉक्टरांनी मना केलंय, मी कजा करीन." लपून स्वयंपाकघरात नाही. त्या रुसतील, रुसू देत. मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारायचं म्हणाल्या तर डॉक्टरांचा कागद घेऊनच जाऊ देत.

नवऱ्याला फोनवर फतवा मागू नकोस, काम सांग. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे ठिपके आले, उजव्या बरगडीखाली दुखलं, तोंड सुजलं, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा बीपीचा आकडा १६०/११० ला गेला, यातला नुसता वरचा १६० किंवा नुसता खालचा ११० झाला तरी, त्याच तासाला दवाखान्यात निघायचं. गाडी कुणाची, ड्रायव्हर कोण, ते त्याने आजच तिकडून ठरवावं. इफ्तारच्या वेळी गावात रिक्षा मिळत नाही.