पारनेरच्या विहिरी गेल्या कुठं?

गेल्या अंकात लिहिलं होतं, की क्यूजीआयएस आणि तशा इतर मुक्तस्रोत (म्हणजे कुणालाही वापरायला आणि बदलायला मोकळ्या) नकाशा-सॉफ्टवेअरबद्दल अडलेलं काही असेल तर कळवा. अपेक्षेपेक्षा बरीच पत्रं आली. मी संगणकवाली नव्हे. एका पाणलोट संस्थेत बावीस वर्षं नकाशे केले, त्यातली निम्मी वर्षं चुका निस्तरण्यात गेली. त्या भांडवलावर उत्तरं देते.

प्रश्न : आम्ही तिघांनी गावातल्या १४६ विहिरींच्या जागा मोबाइलवर नोंदवल्या, एक्सेलमध्ये भरल्या आणि क्यूजीआयएसमध्ये आणल्या. १४६ बिंदू आले असं ते सांगतं, पण नकाशावर आमच्या गावात एकही दिसत नाही. फुकटचं सॉफ्टवेअर म्हणून असं होतं का? (तरुण शेतकरी, ता. पारनेर)

फाइल सोबत जोडलीत हे फार बरं केलंत, नाहीतर मी अंदाजपंचे काहीतरी सांगून मोकळी झाले असते. तुमच्या विहिरी हरवलेल्या नाहीत. त्या नॉर्वेला गेल्या आहेत.

थट्टा नाही. डावीकडच्या यादीत तुमच्या थराच्या (लेअरच्या, म्हणजे विहिरींच्या बिंदूंच्या) नावावर उजवी टिचकी मारा आणि ‘झूम टू लेअर’ म्हणा. खाली ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा खुला नकाशा असेल तर बॅरेंट्स समुद्रात, नॉर्वेची मुख्यभूमी आणि स्वालबार्ड यांच्या मधोमध एक चिमुकलं बेट दिसेल. त्याचं नाव ब्यर्नोया, म्हणजे अस्वलांचं बेट. हवामान केंद्रावरची मोजकी माणसं सोडली तर तिथं वस्ती नाही. त्या बेटावर तुमच्या विहिरी दाटीवाटीनं बसल्या आहेत. मी हे पाहिलं तेव्हा चहा सांडला.

झालं असं : पारनेर साधारण १९ अक्षांशावर आणि ७४.४ रेखांशावर आहे. हे आकडे उलटे धरले, तर ७४.४ उत्तर आणि १९ पूर्व ही नेमकी त्या बेटाची जागा निघते. आपण तोंडानं ‘अक्षांश-रेखांश’ म्हणतो, अक्षांश आधी. सॉफ्टवेअर मात्र आधी ‘एक्स’ विचारतं आणि मग ‘वाय’. एक्स म्हणजे आडवं अंतर, म्हणून तिथं रेखांशाचा रकाना द्यायचा. तुम्ही बोलीभाषेच्या क्रमानं गेलात. ‘ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेअर’ची खिडकी पुन्हा उघडा, दोन्ही रकाने आपापल्या जागी बसवा, खालचा ईपीएसजी आकडा (जागा कुठल्या मापपद्धतीत लिहिल्यात ते सांगणारा) ४३२६ आहे ना तेवढं बघा. विहिरी घरी येतील.

तीन विहिरी तरीही येणार नाहीत. त्या अठराएक किलोमीटर पश्चिमेला पडतील. त्या तीन ओळी तिघांपैकी ज्यानं भरल्या, त्याच्या फोनवर अंश-मिनिटं दिसत होती. त्यानं ७४ अंश २६ मिनिटं म्हणून ७४.२६ लिहिलं. मिनिटं साठ असतात, शंभर नव्हेत. २६ ला ६० नं भागा, ७४.४३३ येईल. हे फुकटच्या सॉफ्टवेअरमुळे झालेलं नाही. लाखभर रुपयांच्या सॉफ्टवेअरनंही तुमच्या विहिरी तितक्याच इमानदारीनं नॉर्वेला पोचवल्या असत्या.

प्रश्न : जगात फुकट काही नसतं. मग यांचा डाव काय आहे? उद्या अचानक पैसे मागितले तर आमच्या ग्रामपंचायतीचं काम अडकणार नाही का? (माजी सरपंच, ता. आष्टी)

अण्णा, शंका रास्त आहे. पण तुम्ही ज्याला भिता ते माझ्यावर खरोखर गुदरलं, आणि तेही विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत.

आमच्या संस्थेला एका प्रकल्पातून नकाशांचं महागडं सॉफ्टवेअर मिळालं होतं. पेनड्राइव्हएवढं डोंगल मागं खोचलं की ते चालायचं. अकरा गावांचे नकाशे मी त्यावर केले : बंधारे, नाले, गट, सगळं. प्रकल्प संपला, लायसनचे पैसे संपले, मग तो संगणकही गेला. २०११ मध्ये तेच नकाशे पुन्हा मागितले गेले, तेव्हा डोंगल टेबलाच्या खणात होतं, फाइली सीडीवर होत्या, आणि नव्या लॅपटॉपवर त्यातलं काहीच उघडेना. नव्या लायसनचा आकडा ऐकून आमचे खजिनदार नुसते हसले. शेवटी भिंतीवर लावलेले ए-थ्री छापील नकाशे उतरवले, स्कॅन केले आणि क्यूजीआयएस १.७ वर एकेक नाला पुन्हा गिरवत बसले. सहा आठवडे. एका नकाशावर पालीनं घाण केली होती, तिथला नाला अजूनही थोडा वाकडा आहे.

आता डावाबद्दल. क्यूजीआयएस २००२ मध्ये अलास्कातल्या गॅरी शर्मन यांनी सुरू केलं. पहिली आवृत्ती फक्त एका प्रकारच्या माहितीसाठ्यातले नकाशे दाखवायची, बाकी काही नाही. आज जगभरची माणसं त्यात भर घालतात. काहींना त्यांच्या कंपन्या पगार देतात, काही सरकारी खाती एखादी सोय हवी म्हणून पैसे मोजून ती करून घेतात, काही संस्था वर्षाची वर्गणी भरतात. त्याचा परवाना जीपीएल नावाचा आहे. वापरा, वाटा, आतली कारागिरी बघा, बदला. फक्त बदललेलं दुसऱ्याला दिलंत तर त्यालाही हीच मोकळीक द्या. आज तुमच्या संगणकावर असलेली आवृत्ती उद्या कुणी ‘परत द्या’ म्हणू शकत नाही. उद्याच्या आवृत्तीला कुणी पैसे लावायचे ठरवलं, तरी आजची घेऊन दुसरा कुणी पुढं जाऊ शकतो.

खर्च मात्र आहे. तो शिकण्यात जातो. ग्रामपंचायतीच्या डेटा ऑपरेटरला दोन महिने सवड द्या, आणि शिकल्यावर लगेच दुसरं काम गळ्यात मारू नका.

प्रश्न : मॅडम, मी भूगोलात पीएच.डी. करते आहे. कासारी नदीच्या खोऱ्याचे उपपाणलोट क्यूजीआयएस आणि ग्रास या मुक्तस्रोत नकाशा-सॉफ्टवेअरांमध्ये काढले. मार्गदर्शक सर म्हणतात, परीक्षक असल्या फुकट सॉफ्टवेअरचं काम मानणार नाहीत. काय करू? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

सरांशी भांडू नकोस, त्यांना कागद दाखव. ‘असलं फुकट’ म्हटलं जाणारं ग्रास हे १९८२ पासून अमेरिकन लष्कराच्या बांधकाम-संशोधन प्रयोगशाळेत, इलिनॉयमधल्या शॅम्पेन गावी घडलं. लष्करी तळांच्या जमिनींची निगा राखायला त्यांना ते हवं होतं. नव्वदच्या दशकात लष्करानं अंग काढून घेतलं, तेव्हा जर्मनीतल्या हानोव्हरला मार्कुस नेटेलर आणि सहकाऱ्यांनी ते उचललं आणि १९९९ मध्ये जीपीएलखाली आणलं. सरांच्या आवडत्या सॉफ्टवेअरच्याही पोटात बहुधा जीडाल असेल. नकाशांच्या तऱ्हेतऱ्हेच्या फाइली वाचणारी ही मुक्तस्रोत लायब्ररी फ्रँक वार्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केली, आणि कितीतरी महागडी सॉफ्टवेअरं ती वापरतात. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचं दे. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायला आयआयटी मुंबईच्या गटानं त्यासाठी क्यूजीआयएसवर चालणारं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) केलं.

पण खरं सांगू? परीक्षक मानणार नाहीत अशी एक गोष्ट तुझ्या प्रकरणात आहेच, आणि तिचा फुकटशी संबंध नाही. तू लिहिलं आहेस, ‘पाणलोट ग्रास वापरून काढले’. हे ‘भाजी गॅसवर केली’ म्हणण्यासारखं झालं. भाजी कसली, फोडणी कशाची, काहीच कळत नाही.

तू आर.वॉटरशेड ही ग्रासमधली पाणलोट काढणारी आज्ञा वापरलीस. त्यात थ्रेशोल्ड किती दिलास? पाठवलेल्या नोंदीत १००० दिसतो. म्हणजे किमान हजार चौकटींचं खोरं. उंचीची तुझी माहिती ३० मीटरची, एक चौकट ९०० चौरस मीटरची, म्हणजे उगमाकडचं नव्वद हेक्टरांहून लहान खोरं तू मुळात मोजलंच नाहीस. हे वाक्य प्रबंधात यायलाच हवं, कारण हाच आकडा ५०० केलास तर तुझे उपपाणलोट वाढतील, ओढ्यांची प्रतवारी बदलेल आणि चौथ्या प्रकरणातले सगळे तक्ते हलतील. दोन्ही आकड्यांनी करून बघ आणि फरक मांड. उंचीचा नकाशा अंशांत येतो, तो आधी मीटरांत मोजणाऱ्या यूटीएम ४३ मध्ये, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये आणलास की नाही, तेही लिही. नाहीतर क्षेत्रफळं कुठून आली असं विचारतील आणि विचारायलाच हवं.

आता तुझी जमेची बाजू. बऱ्याच पद्धतींत आधी उंचीच्या नकाशातले खळगे बुजवावे लागतात. धरणाच्या सपाट पाण्यावर मग पट्टीनं आखल्यासारख्या समांतर रेघा उमटतात, त्या तू पाहिल्या असशीलच. आर.वॉटरशेड खळगे न बुजवता कमीत कमी ‘खर्चाची’, म्हणजे पाण्याला सगळ्यात सोपी, वाट शोधत जातं. हे मी सांगते म्हणून मानू नकोस. त्याचं माहितीपान वाच, आणि सी भाषा येणारा मित्र असेल तर त्याला मूळ प्रोग्रॅम उघडून दाखवायला सांग. परीक्षकांनी ‘ही रेघ इथंच का वळली’ असं विचारलं, तर तू आत बोट ठेवून उत्तर देऊ शकतेस. सॉफ्टवेअरची आवृत्ती, वापरलेल्या आज्ञा आणि आकडे परिशिष्टात घाल. तेवढ्यावर दुसऱ्या कुणालाही, एक पैसा न खर्चता, तुझा नकाशा जसाच्या तसा काढता आला पाहिजे. सरांना ती दोन पानं दाखव, मग बोलू.

प्रश्न : शेपफाइलमध्ये रकान्यांची नावं मराठीत दिली की तुटतात. ‘विहीर’चं ‘विह’ होतं. सॉफ्टवेअरला मराठीचं वावडं आहे का? (ग्रंथपाल, रत्नागिरी)

वावडं सॉफ्टवेअरला नाही, शेपफाइल या नकाशे साठवायच्या जुन्या फाइल-प्रकाराला आहे. तिच्यातला तक्ता जुन्या डीबीएफ पद्धतीचा. रकान्याच्या नावाला दहा बाइट, म्हणजे साठवणीची दहा घरं, मिळतात. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटी वेगळी धरून, तीन बाइट खातं. म्हणजे तीन चिन्हं, संपलं. ‘गाव’ नेमकं बसतं : ग, काना, व. ‘विहीर’चं काय होतं ते तुम्ही पाहिलंतच. गंमत म्हणून ‘गट नंबर’ करून पाहा, ‘गट न’ एवढंच उरतं.

उपाय सोपा आहे. ‘एक्स्पोर्ट’ करताना शेपफाइलऐवजी जिओपॅकेज हा नवा प्रकार निवडा. एकच फाइल होते, मराठी नावं अख्खी राहतात, आणि मेल करताना शेपफाइलच्या चारपैकी एक फाइल राहून गेली ही रडारडही थांबते.

प्रश्न : शेजाऱ्यानं बांध कोरला आहे. मोबाइलवर कोपरे घेऊन क्यूजीआयएसमध्ये क्षेत्र काढलं तर तहसीलदार मानतील का? (शेतकरी, ता. बार्शी)

नाही. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख खात्याकडेच करा.

का, ते गुंठ्यावरून बघा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, बाजू दहा मीटरची. साध्या मोबाइलचा जीपीएस उघड्या रानातही तीन ते पाच मीटर इकडंतिकडं होतो. बांध हातभर सरकला की दीड हात, हे तुमचं भांडण, आणि मोजायचं साधन गुंठ्याची अर्धी बाजू गिळणारं. त्या नकाशानं वाद वाढेल. पीक कुठं किती, ठिबक कुठून न्यायचं, यासाठी तो झकास आहे.

प्रश्न : वय ६९. निवृत्त प्राथमिक शिक्षक. संगणक जेमतेम येतो. पण आमच्या खोऱ्यातल्या वाड्यांची, ओढ्यांची नावं मला पाठ आहेत आणि कुठल्याच नकाशात ती नाहीत. माझा काही उपयोग? (ता. अकोले)

गुरुजी, तुमचं पत्र सगळ्यात शेवटी उघडलं आणि सगळ्यात आधी उत्तर लिहिलं.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला, कुणीही भर घालू शकेल असा नकाशा. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सचा धड नकाशा हाताशी नव्हता. जगभरच्या लोकांनी उपग्रहाच्या चित्रांवरून रस्ते गिरवले आणि मदतपथकांनी ते वापरले. रस्ते गिरवायला दूरचा माणूस चालतो. नावं त्याला कुठून कळणार? त्याला तुम्हीच लागता.

खातं उघडा, नातीची मदत घ्या. तुमच्या वाडीवर जा, ‘एडिट’ दाबा. वाडीसाठी बिंदू टाकून प्रकार ‘हॅम्लेट’ निवडा. नावाच्या रकान्यात लोक म्हणतात तेच नाव लिहा, आणि ‘नेम:एमआर’ (एमआर म्हणजे मराठी) या रकान्यात ते देवनागरीत लिहा. दुसऱ्या नकाशात पाहून नावं उतरवू नका, ते चालत नाही. तुमच्या तोंडी असलेली चालतात. एका ओढ्याला वरच्या वाडीत एक नाव आणि खालच्या वाडीत दुसरं असेल, तर दुसरं ‘ऑल्ट नेम’, म्हणजे पर्यायी नावाच्या रकान्यात टाका, कुणाचंच पुसू नका. पहिल्या दिवशी पाच नावं पुरे. ती टाकलीत की मला कळवा, मी इथून उघडून बघते.