मजा करायला गेलो आणि भांडून आलो

दिवाळीची सुटी, नाताळचा आठवडा किंवा जोडून आलेल्या सुट्या संपल्या की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या जोडप्यांपैकी काहींची तक्रार जवळजवळ ठरलेली असते. ‘‘मॅडम, आम्ही मजा करायला गेलो आणि भांडून आलो. घरी आमचं एवढं भांडण होत नाही. आमच्यात मुळातच काही बिघडलं आहे का?’’ ठिकाणे बदलतात. कोणी गोव्याला गेलेले असते, कोणी थायलंडला. अलीकडे मात्र या तक्रारीत दुबईचे नाव वारंवार येऊ लागले आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. मुंबईहून विमानाने साधारण तीन तासांचा प्रवास, गुरुवारी रात्री निघून सोमवारी कामावर हजर होण्याची सोय, आणि नातेवाइकांच्या फोटोंतून आधीच डोळ्यांत भरलेला झगमगाट, असे सारे एका ठिकाणी सहसा जुळून येत नाही. म्हणून दुबईला गेलेल्या एका जोडप्याची हकिकत येथे सांगते. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि काही महिने चाललेल्या बोलण्याचा गाभा तेवढा ठेवला आहे.

तो चाकणच्या एका कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळतो आणि ती बँकेत अधिकारी आहे. मुलगी झाल्यापासून दोघेच असे कुठे गेलेले नव्हते. या वेळी मुलीला साताऱ्याला आजी-आजोबांकडे ठेवून ती दोघे तीन दिवसांसाठी दुबईला गेली. त्याने महिनाभर आधी एक्सेलमध्ये वेळापत्रक तयार केले होते. शुक्रवारी दुबई मॉल, बुर्ज खलिफावरून सूर्यास्त आणि खाली येऊन कारंज्यांचा खेळ. शनिवारी सकाळी दुबई फ्रेम आणि दुपारनंतर वाळवंटातली सफारी. रविवारी देरा भागातला सोन्याचा बाजार, मीना बाजार आणि रात्री परतीचे विमान. तो कागद त्याने मला दाखवायला आणला होता. त्यात चहासाठी 15 मिनिटे राखून ठेवलेली पाहून मला थोडे हसू आले.

‘‘तो माझ्याबरोबर नव्हताच,’’ ती म्हणाली. ‘‘त्या कागदाबरोबर आणि मोबाइलबरोबर होता.’’

‘‘सगळी बुकिंगं मी केली, सुट्टी जुळवली, पैसे भरले,’’ तो म्हणाला, ‘‘आणि हिचं तोंड पहिल्या दिवसापासून पडलेलं.’’

अशा वेळी मी आधी नात्याविषयी विचारत नाही, झोपेविषयी विचारते. रात्रीच्या विमानाने गेलेला माणूस पहाटेच्या सुमारास दुबईत उतरतो, आणि हॉटेलातली खोली बहुधा दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्यामुळे तिथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपले शरीर साडेदहा वाजल्याचे सांगत असते. म्हणजे ज्या दिवसाकडून सर्वांत जास्त अपेक्षा असतात, त्याच दिवशी दोघांचीही सोसण्याची शक्ती सर्वांत कमी असते. या दोघांनी तो दिवस सामान हॉटेलच्या स्वागतकक्षात टाकून, आंघोळीविना, मॉलमध्ये काढला होता. तिच्या पडलेल्या तोंडाचा काही भाग तर निव्वळ जागरणाचा होता, आणि हे कळल्यावर त्याचा आवाज थोडा खाली आला.

उरलेला भाग 124 व्या मजल्यावरचा होता. बुर्ज खलिफा ही 2010 मध्ये खुली झालेली 828 मीटर उंचीची इमारत आहे आणि तिथल्या प्रेक्षक-सज्जाचे सूर्यास्ताच्या सुमाराचे तिकीट इतर वेळांपेक्षा महाग असते. त्याने मुद्दाम तेच काढले होते. वर पोहोचल्यावर ती काचेजवळ उभी राहून त्याला म्हणाली, ‘‘इकडे ये ना जरा.’’ तो घरच्या ग्रुपवर पाठवण्यासाठी व्हिडिओ काढत होता. ‘‘दोन मिनिटं थांब, उजेड जाईल,’’ असे तो म्हणाला. तिने पुन्हा हाक मारली नाही. खाली कारंज्यांपाशी त्याने तिला फोटोसाठी उभे राहायला सांगितले, तेव्हा तिने नकार दिला. मॉलमधून मेट्रो स्थानकाकडे जाणारा सरकत्या पट्ट्यांचा बंदिस्त पूल सुमारे 800 मीटर लांबीचा आहे. त्यावर एकदा चालू लागले की मोकळा वारा मिळत नाही. त्या पुलावर ‘‘एवढा खर्च केला तो कोणासाठी?’’ आणि ‘‘मी सांगितलं होतं का करायला?’’ हे दोन्ही संवाद झाले. मेट्रो आल्यावर ती स्त्रिया आणि मुलांसाठी राखून ठेवलेल्या भागात शिरली. ती सीमा ओलांडणाऱ्या पुरुषाला 100 दिरहॅमचा दंड होतो, त्यामुळे तो अलीकडेच राहिला. बुरजुमान स्थानकापर्यंतचा प्रवास दोघांनी वेगळा केला.

हा मेट्रोचा प्रसंग तिने सुरुवातीला सांगितलाच नव्हता. पुष्कळ बोलणे होऊन गेल्यावर एके दिवशी ती टेबलाकडे बघत म्हणाली, ‘‘मॅडम, खरं सांगू? त्या डब्यात मला फार बरं वाटलं. तो जवळ नाही म्हणून बरं वाटलं. नवऱ्यापासून लांब गेल्यावर सुटल्यासारखं वाटतं, म्हणजे संपलंच ना सगळं?’’

तिची खरी काळजी ही होती. दुबईची तक्रार हे तिचे वरचे आवरण होते. अशा क्षणी धीर देण्याचा मोह फार मोठा असतो. ‘असं काही नसतं’ हे वाक्य जिभेवर तयार असते आणि ते ऐकायलाच समोरचा माणूस आलेला असतो. मी ते बोलले नाही. अनेक वर्षांच्या कामातून आलेल्या अंदाजाने मी तिला उत्तर न देता त्याच्याकडे वळले आणि विचारले, ‘‘बुरजुमान येईपर्यंत तुम्ही काय करत होता?’’

तो बराच वेळ गप्प राहिला. दुखावलेला होता हे दिसत होते, आणि त्याच्या तोंडून काहीतरी कडवट येईल अशी माझी तयारी होती.

‘‘स्टेशनं मोजत होतो,’’ तो म्हणाला. ‘‘रोमिंग फक्त माझ्या फोनवर घेतलं होतं. ही चुकून आधी उतरली असती किंवा पुढे गेली असती, तर तिला मला फोनसुद्धा करता आला नसता. म्हणून मी त्या रेषेला चिकटून उभा होतो. गर्दीत हिची ओढणी तेवढी दिसत होती.’’

‘‘तू मला बघत होतास?’’

‘‘मग काय करणार? तीन दिवस तेच करत होतो. तिकिटं आहेत का, पासपोर्ट आहेत का, तू आहेस का.’’ मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, ‘‘मी ट्रिप चालवत होतो, मॅडम. ट्रिपला गेलोच नव्हतो.’’

ती म्हणाली, ‘‘मला वाटलं, तू मजेत आहेस आणि मलाच काही मजा घेता येत नाहीये.’’

‘‘मजा? मला सुटल्यासारखं वाटलं ते मुंबईत विमान उतरल्यावर.’’

यावर ती जी हसली ते हसू बराच वेळ थांबेना. मी मध्ये काही बोलले नाही. सुटल्यासारखे वाटणे म्हणजे संसार संपल्याची खूण, असे तिने गृहीत धरले होते, आणि शेजारी बसलेला नवरा तीच भावना जराही अपराधी न वाटता सांगत होता. तिच्या प्रश्नाला मी दिलेले कोणतेही उत्तर एवढे पटणारे ठरले नसते.

मला त्या दिवशी जे स्पष्ट दिसले ते असे. दोघेही एकमेकांची एक अबोल परीक्षा घेत होते. मी न सांगता याला माझी हाक कळते का, ही तिची परीक्षा. मी एवढे केल्यावर हिच्या चेहऱ्यावर आनंद दिसतो का, ही त्याची. मेट्रोच्या त्या भागात तिला कोणी तपासत नव्हते आणि विमान उतरल्यावर त्याला निकालाची धास्ती उरली नव्हती, एवढाच त्या सुटकेचा अर्थ होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचारांचा माझ्या कामावर पहिल्यापासून प्रभाव आहे. माणसाला इच्छा त्रास देत नाही, इच्छेचा हट्ट झाला की तो त्रास देतो, हे त्या विचारांचे सार मी रोज अनुभवते. ‘मजा आली तर फार बरे’ या भावनेने निघालेला माणूस पावसात भिजला तरी हसू शकतो. ‘एवढे पैसे घातले आहेत, आता मजा आलीच पाहिजे’ असे ठरवून निघालेला माणूस मात्र तासातासाला स्वतःचे मन आणि जोडीदाराचा चेहरा तपासत राहतो, आणि तपासणी सुरू झाली की आनंद टिकत नाही. माझे काही सहकारी अशा जोडप्यांच्या बालपणात शिरतात. तो मार्ग चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, पण त्या एका दिवसाचा तासातासाचा हिशेब मला बहुतेक वेळा लवकर पोहोचवतो.

पुढच्या भेटीत मी दोघांना वेगवेगळा कागद देऊन त्या वेळापत्रकातली एकच गोष्ट खोडायला सांगितली. दोघांनीही वाळवंटातली सफारी खोडली. टायरमधली हवा कमी करून गाड्या वाळूच्या टेकड्यांवरून वरखाली उधळत नेतात, तो प्रकार. तिला कुंभार्ली घाटातसुद्धा गाडी लागते आणि त्याला कंबरदुखी आहे. तिने बहिणीचा सफारीचा व्हिडिओ दोनदा पाहिला म्हणून त्याने सफारी घेतली, आणि त्याने पैसे भरले आहेत म्हणून ती गप्प बसली. जेरी हार्वे या अमेरिकी अभ्यासकाने 1974 मध्ये टेक्सासमधल्या एका कुटुंबाची अशीच गोष्ट लिहिली आहे. ते सगळे रणरणत्या दुपारी जेवायला 53 मैलांवरच्या अॅबिलीन गावाला गेले आणि परतल्यावर कळले की कोणालाच जायचे नव्हते. हार्वे यांनी ती गोष्ट व्यवस्थापनाच्या संदर्भात सांगितली, पण आपल्याकडच्या कौटुंबिक सहलींचे तिच्याइतके नेमके वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही. समजूतदार माणसांच्या घरात हा घोटाळा अधिक होतो, हेही नमूद केले पाहिजे. भांडखोर माणसे निदान ‘मला नाही यायचं’ असे सांगून मोकळी होतात.

मग अशा सहली करूच नयेत का, असे मला विचारले जाते. जरूर कराव्यात. मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जोडीदारांचे एका बाजूचे मनगट आणि पाय एकत्र बांधून, अंगांच्या मध्ये उशी धरून, तिला हात न लावता चटईवरून रांगत जायला सांगितले होते. काही मिनिटांच्या या खटाटोपानंतर त्या जोडप्यांना आपले नाते अधिक समाधानाचे वाटले. कंटाळवाणे काम दिलेल्या जोडप्यांत तसा बदल दिसला नाही. नवलाईचा उपयोग होतो, पण ती दोघांनी मिळून झेलावी लागते. एकाने सहल चालवायची आणि दुसऱ्याने पाहुण्यासारखे मागून फिरायचे, या व्यवस्थेत पैसे पूर्ण जातात आणि नवलाई अर्धीच मिळते.

म्हणून निघण्यापूर्वी मी जोडप्यांना एकच संभाषण करायला सांगते. ही एक गोष्ट घडली तर माझी सहल सार्थकी लागली असे मी मानेन, अशी गोष्ट प्रत्येकाने सांगायची, आणि जी अजिबात नको तीही सांगायची. या दोघांनी ते माझ्यासमोर केले. तिला गजर न लावता उठायचे होते आणि दुसऱ्या कोणीतरी केलेला चहा हातात हवा होता. त्याला अशी एक संध्याकाळ हवी होती की ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न त्याला कोणी विचारणार नाही. दोन्ही गोष्टींना दुबईत फारसा खर्च नव्हता, पण त्या कागदावर त्यांना जागाही नव्हती. याशिवाय काही साध्या गोष्टी मी आग्रहाने सांगते. रात्रीचे विमान असेल तर पहिल्या दिवशी तिकीट काढलेला एकही कार्यक्रम ठेवू नये. सूत्रे एक दिवस एकाकडे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे असावीत, आणि ज्याच्याकडे सूत्रे नाहीत त्याने सूचना करू नयेत. रोमिंग दोन्ही फोनवर घ्यावे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून कॉल एरवी लागत नाही, त्यामुळे मागे राहिलेल्या मुलांशी कसे बोलायचे हे आधीच ठरवावे. या जोडप्याचे दुसऱ्या रात्रीचे भांडण मुलीशी बोलणे न झाल्यावरून पेटले होते, आणि त्यात नात्याचा दोष शोधण्याचे काहीच कारण नव्हते.

मात्र सगळीच भांडणे या प्रकारची नसतात, आणि हे मला स्पष्टपणे लिहायचे आहे. परक्या गावात जोडीदाराने पासपोर्ट किंवा पैसे स्वतःकडे अडकवून ठेवले, चारचौघांत वारंवार पाणउतारा केला, हात उगारला, किंवा त्याच्याबरोबर खोलीत परतायचीच भीती वाटली, तर तो सहलीचा शीण म्हणून सोडून देण्याचा विषय नव्हे. अशा वेळी दोघांनी मिळून येण्याआधी एकट्याने येऊन बोलावे.

वर्षभराने ती दोघे पुन्हा दुबईलाच गेली. मी स्वतः त्यांना एखादा शांत समुद्रकिनारा सुचवला असता, पण मला कोणी विचारले नाही. या वेळी शुक्रवार पूर्ण रिकामा होता, शनिवार तिच्याकडे होता आणि रविवार त्याच्याकडे. फोनवर तिने कळवले की देऱ्यातल्या सोन्याच्या बाजारात त्याने एका साखळीसाठी दीड तास घासाघीस केली, ऊन मी म्हणत होते आणि रस्त्यातच त्यांचे कडाक्याचे भांडण झाले. मी तिला भेटीची वेळ हवी आहे का असे विचारले, तेव्हा ती म्हणाली की वेळ नको, साखळी कशी दिसते ते दाखवायला कधीतरी येऊन जाईन.