शेवटच्या दोन दाढा काढल्या आहेत. आता काय बसवावे?

प्रश्न : माझ्या आईचे वय ६२ वर्षे आहे. किडल्यामुळे तिच्या खालच्या जबड्यातील उजवीकडच्या शेवटच्या दोन दाढा तीन वर्षांपूर्वी काढाव्या लागल्या. तिला मधुमेह आहे. एका डॉक्टरांनी इम्प्लांट सुचवले, तर दुसऱ्यांनी काढता-घालता येणारी कवळी. आमच्या शेजारच्या काकूंनी ब्रिज बसवला आहे. तो आईला का चालणार नाही?

उत्तर : ब्रिजमध्ये रिकाम्या जागेच्या पुढचा आणि मागचा दात घासून त्यांवर कॅप चढवतात व मधला कृत्रिम दात त्या दोघांच्या आधाराने पक्का बसवतात. तुमच्या आईंच्या बाबतीत मागे दातच उरलेला नाही, आणि दोन दाढांचा भार केवळ पुढच्या दातांवर टाकला, तर चावताना पडणाऱ्या दाबाने ते चांगले दातही सैल होऊ शकतात. शेजारच्या काकूंची दाढ बहुधा मधली असावी.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी हाड टायटॅनियमला घट्ट धरून ठेवते हे दाखवून दिले आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. हाड स्क्रूशी एकजीव होण्यासाठी खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात, त्यानंतर वर दाढ बसवतात. दात काढल्यावर तिथले हाड झिजत जाते आणि खालच्या दाढांच्या मुळांखालून ओठाला व हनुवटीला संवेदना देणारी नस जाते, म्हणून आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारा एक्स-रे) करून हाडाची उंची मोजलीच पाहिजे. मधुमेह आटोक्यात असेल, तर तो अडसर ठरत नाही. मात्र एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) वाढलेले असेल, तर आधी ते खाली आणावे. आई मिसरी लावत असतील, तर ती बंद करावी, आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा इंजेक्शन घेत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्यांतील काही औषधांमुळे शस्त्रक्रियेनंतर कधी कधी जबड्याचे हाड भरून येत नाही.

खर्च झेपत असेल आणि हाड पुरेसे असेल, तर मी इम्प्लांटच सुचवेन. कवळी स्वस्त पडते व तिच्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही, परंतु मागे आधार नसल्याने ती खाताना हलते आणि एकाच बाजूच्या दोन दाढांसाठी अनेक जण ती पुढे वापरतच नाहीत. घेतलीच, तर रात्री काढून पाण्यात ठेवावी.

काहीच न बसवणे हाही पर्याय आहे, आणि तो आईंना कोणी सांगितलेला दिसत नाही. पुढचे दात व उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्यामधले दात) मजबूत असतील, तर बहुतेकांचे जेवण नीट होते, हे नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासांतून दिसले आहे. मात्र समोर आधार नसलेल्या वरच्या दाढा हळूहळू खाली सरकतात. तीन वर्षांत त्या किती सरकल्या आहेत, हे दंतवैद्यांकडून आधी तपासून घ्या. त्या फार उतरल्या असतील, तर इम्प्लांटवर दाढ बसवायला जागाच उरत नाही.