कॉलनीत हॉस्टेल येतंय म्हणे, आता करायचं काय?

प्रश्न: आम्ही विद्यापीठाजवळच्या एका बंगल्यांच्या कॉलनीत राहतो. कोपऱ्यावरचा जुना बंगला विकला गेला, पाडला, आणि आता तिथं पार्किंग प्लस पाच मजल्यांचं मुलांचं हॉस्टेल होणार म्हणतायत. आम्ही सगळ्यांनी सह्या करून महापालिकेत निवेदन दिलं, पण तिथं कळलं की परवानगी कधीच निघालीय. आम्हाला न विचारता अशी परवानगी देता येते का? आणि हे थांबवता येईल का? (एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर: काका, आधी कडू ते सांगतो. तुम्हाला विचारणं कायद्यानं बंधनकारक नव्हतं. आपल्याकडं 1966 च्या एमआरटीपी कायद्याखाली (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा) मालक कलम 44 नं अर्ज करतो, कलम 45 नं महापालिका मंजूर किंवा नामंजूर करते, आणि 60 दिवसांत काहीच कळवलं नाही तर नियमात बसणारा प्लॅन मंजूर झाला असं धरलं जातं. या सगळ्यात शेजाऱ्यांना नोटीस, त्यांची सुनावणी असलं काही नाही. कलम 47 चं अपील आहे, पण ते ज्याचा अर्ज नाकारला त्याच्यासाठी, तुमच्यासाठी नाही. लोकांच्या हरकती मागवतात त्या विकास आराखड्याच्या वेळी, नाहीतर एखाद्या जागेचं आरक्षण किंवा झोन बदलायचा असला की कलम 37 खाली, तेव्हा पेपरात नोटीस येते आणि ती आपण कोणीच वाचत नाही, हे पण तितकंच खरं.

दुसरं, रहिवासी झोनमध्ये विद्यार्थ्यांचं वसतिगृह चालतं. डिसेंबर 2020 पासून राज्यात जो युनिफाइड डीसीआर, म्हणजे बांधकामाची एकत्रित नियमावली, लागू आहे त्यात रहिवासी वापरांच्या यादीतच ते आहे. म्हणजे "ही सभ्य लोकांची कॉलनी आहे, इथं पोरं नकोत" हे निवेदनात पहिल्याच ओळीत लिहिलं असेल तर तो कागद तिथंच संपला. आणि कोल्हापूरात बसून हे लिहायचं म्हणजे जरा जडच जातं हो, 1901 साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेक बोर्डिंगं उभी राहिली, दसरा चौकात उभं राहून मान फिरवली तरी दिसतात. सगळी गावाच्या मधोमध. आजची बाहेरगावची पोरं राहणार कुठं, पन्हाळ्यावर?

पण म्हणून गप्प बसा असं मी म्हणत नाही. तुमचं भांडण पोरांशी नाही, प्लॅनशी असायला पाहिजे, आणि तिथं बोलायला भरपूर जागा आहे.

पहिलं काम, माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका आणि मंजूर नकाशा, बांधकाम परवानगीची प्रत आणि फायरची एनओसी मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील. नकाशा हातात आला की सगळ्यात आधी बघायचं ते वापर काय लिहिलाय. गंमत इथंच असते. कितीतरी ठिकाणी नकाशावर टू बीएचके फ्लॅट मंजूर असतात, आणि बांधताना हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन टाकून एका फ्लॅटच्या चार रूम होतात, एका रूमला तीन कॉट. कागदावर सहा कुटुंबं, प्रत्यक्षात साठ-सत्तर पोरं, संडास तेवढेच. असं असेल तर ते मंजुरीच्या विरुद्ध आहे आणि एमआरटीपीच्या कलम 53 ची, म्हणजे बेकायदा काम काढायची, नोटीस निघू शकते. उलट नकाशावर सरळ वसतिगृह लिहिलं असेल तर खरं सांगू का, ते बरं. जो उघडपणे हॉस्टेल म्हणून परवानगी घेतो त्याला जिने, फायर, पार्किंग सगळं हॉस्टेलच्या हिशेबानं दाखवावं लागतं. लपूनछपून चाललेल्याला काहीच दाखवावं लागत नाही.

मग रस्ता. हा मुद्दा लोक सोडतात आणि तोच सगळ्यात वजनदार आहे. दाट वस्तीच्या बाहेर रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर बेसिक एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) 1.10, त्यावर प्रीमियम, म्हणजे पैसे भरून मिळणारा, किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क, मिळत नाही (जिना, बाल्कनी वगैरेंसाठीच्या ॲन्सिलरी एफएसआयचा हिशेब वेगळा). 9 मीटर भरला की आकडा एकदम वाढतो. म्हणजे पाच मजले बसतायत ते कुठल्या रस्त्याच्या जोरावर, हे नकाशात लिहिलेलं असतंय, ते ले-आउटच्या नकाशाशी ताडून बघा. टेप घेऊन जागेवर पण मोजा. फक्त मोजायच्या आधी आपापल्या फाटकासमोरचे रॅम्प, तुळशीचे कट्टे, कार धुवायला केलेल्या फरशा बघून घ्या, कारण रस्ता 30 फुटाचा 22 फूट कुणी केला ते नंतर विचारलं जातं आणि तेव्हा अख्खी कॉलनी इकडं तिकडं बघायला लागते.

तिसरं पार्किंग. नकाशात खालचा मजला मोकळा, चुन्याच्या रेघा मारल्यासारखे टू-व्हीलरचे चौकोन, नंबर टाकून. दोन वर्षांनी जाऊन बघा, तिथं पत्रा ठोकून मेस सुरू झालेली असते, एका कोपऱ्यात बायका भाकरी थापतायत, भिंतीला सिलिंडरची रांग, आणि पोरांच्या गाड्या तुमच्या दारात. ही तक्रार मात्र नुसती तोंडी करू नका. तारीख दिसेल असे फोटो, मंजूर नकाशाची प्रत, आणि कुठं काय वेगळं आहे ते दोन ओळीत लिहून विभागीय कार्यालयाला आणि नगररचनाला दोन्हीकडं द्या, पोच घ्या. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेची परवानगी, मिळायच्या आधी दिली तर जास्त उपयोग, एकदा माणसं राहायला आली की कुणाला बाहेर काढायचं धाडस कोणी करत नाही.

पाणी आणि ड्रेनेजचं पण विचारा. काळम्मावाडी धरणावरून थेट पाइपलाइनचं पाणी 2023 च्या दिवाळीत आलं खरं, पण कॉलनीतली जुनी लाइन तीच आहे ना. 500 चौरस मीटरच्या वरचा प्लॉट असेल तर पावसाचं पाणी साठवायची किंवा जिरवायची सोय बंधनकारक आहे, ती नकाशात आणि जागेवर दोन्हीकडं आहे का बघा.

आणि मालकाला एकदा समोर बसवा. रात्री गेट किती वाजता बंद, वॉर्डन राहायलाच असणार का, मेसचा कचरा कुठं, हे कुठल्याच नियमात नीट मिळत नाही, चहा घेत ठरवावं लागतं. मालकाला पण कॉलनीशी वैर परवडत नसतंय.

प्रश्न: माझ्या स्वतःच्या घरात वरच्या मजल्यावर मी सात मुली ठेवते, जेवण-नाश्ता सकट. शेजारी म्हणतात हे बेकायदेशीर हॉस्टेल आहे, तक्रार करणार. मला परवानगी लागेल का? (एक गृहिणी, राजारामपुरी)

उत्तर: काकू, घाबरू नका, स्वतः राहत्या घरात थोड्या मुली ठेवणं आणि अख्खी बिल्डिंग हॉस्टेल म्हणून चालवणं एकाच मापानं मोजत नाहीत. पण कागद मात्र नीट करा. प्रत्येकीचा लेखी करार, आणि तो रजिस्टर केलेला, कारण 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नं ती जबाबदारी घरमालकाची आहे, मुलीची नाही. पोलीस ठाण्यात माहिती द्या. घरफाळ्यात मालक स्वतः राहतो आणि भाडेकरू राहतो याचा हिशेब वेगळा असतो, तो लपवलात तर शेजाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत. आणि गच्चीवर पत्र्याची आठवी रूम काढायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा, त्याला परवानगी लागतेच आणि उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली कोण राहणार ओ?

प्रश्न: मी गडहिंग्लजचा, एमएस्सीला ॲडमिशन घेतलंय. हॉस्टेल बघताना मंजुरी आहे की नाही हे आम्हाला कसं कळणार?

उत्तर: सरळ भोगवटा प्रमाणपत्र दाखवा म्हणायचं. चिडला तर समजून जायचं. अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे मालकानं दर जानेवारी आणि जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीचं फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत आहे असं प्रमाणपत्र, द्यायचं असतं, ते पण मागा, ॲडमिशन जुलै-ऑगस्टमध्येच होतात म्हणजे कागद ताजा असायला पाहिजे. बाकी डोळ्यानं बघा, जिना एकच आहे का, त्यात शूज रॅक आणि जुन्या गाद्या रचल्यात का, खिडकीचा गज आतून उघडतो का, गच्चीच्या दाराला कुलूप आहे का. डिपॉझिट द्यायच्या आधी बघा, नंतर नाही. आणि पावती घ्या.